कासव येतंय, हळूहळू

७ फेब्रुवारी, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं, म्हणून वर तो डाग दिसतोय. प्रिय नाहीस असं नाही. पण इतक्या वर्षांनी एकदम गोड बोलायला लागले तर तुला वाटेल, हिला काहीतरी हवंय. हवंयच. सल्ला हवाय.

माझ्या मुलीला तू पाहिलेलं नाहीस. सहा वर्षांची आहे. एका जागी टिकत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिच्या वर्गातली काही मुलं मध्यंतरी कुठल्याशा सहलीला जाऊन आली. आईबाप बरोबर नाहीत, नुसती मुलं आणि एक गाइड, गळ्यात ओळखपत्र, पाठीला डबा. तेव्हापासून हिने घर डोक्यावर घेतलंय. मलाही जायचंय, एकटीने जायचंय आणि तू मागेमागे यायचं नाहीस, असं मला बजावून झालंय. नवरा म्हणतो, जाऊ दे, किती दिवस पदराला बांधून ठेवणार आहेस. त्याला बोलायला काय जातंय. तो आपल्या घरात वाढलेला नाही.

तर आत्ता काउंटरवर, चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून, मी चार पत्रकं मांडून बसले आहे. एक संग्रहालयाचं, अर्ध्या दिवसाचं, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. एक दीपगृहाचं, बोटीतून जायचं. एक तळ्यावरच्या पक्ष्यांचं, त्याला पहाटे उठावं लागतं, म्हणजे ते बाद. चौथं मी पालथं घालून ठेवलंय. चौथं गुहेचं आहे.

हो, त्याच गुहेचं. आता तिथे दिवे लावलेत म्हणे, कठडे केलेत, आणि मुलांना दिवा बसवलेली टोपी देतात. पत्रकावर एक मुलगा ती टोपी घालून हसतोय. भिंगरीला नेमकं तेच हवंय, टोपीसाठी.

तू अकरा वर्षांचा असताना तिथे जाऊन आलास. मी कधी कुठेच गेले नाही, त्यामुळे मुलांच्या सहलीतलं मला ओ की ठो कळत नाही. गाइडला काय विचारायचं असतं? माणूस पारखायचा कशावरून? तुझं काम लिफ्ट दुरुस्तीचं, अडकलेल्यांना बाहेर काढायचं, तेव्हा काळजी कशी घ्यायची ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. दोन ओळी लिही. नाही लिहिल्यास तरी चालेल, इतकी वर्षं चाललंच आहे.

आई आता आमच्याकडेच असते. मी तुला पत्र लिहितेय हे तिला माहीत नाही. बाकी सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझी धाकटी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पत्ता बदललास की तू तेवढं एक कार्ड पाठवतोस, नवीन पत्ता आणि खाली काही नाही. ती कार्डं मी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवते. नवरा म्हणतो, तुझा भाऊ म्हणजे टपालखात्याची नोटीस.

कालची सगळी सुट्टी गाइड तपासण्यात गेली. नवरा मुलगा पाहायला आल्यासारखी मी प्रत्येकाला प्रश्न विचारत सुटले होते.

पहिला तरणाबांड, हातात छोटा झेंडा. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे आजपर्यंत एक तक्रार नाही."

मी विचारलं, "मुलं मोजता कशी?"

"डोकी मोजतो."

"मोजताना दोघांनी जागा बदलली तर?"

"तर पुन्हा मोजतो."

"आणि तुम्ही पुन्हा मोजत असताना बस निघाली तर?"

तो हसला. "मॅडम, मी म्हटल्याशिवाय बस हलत नाही."

हेच वाक्य त्या वेळच्या गाइडने आपल्या दारात उभं राहून आईला सांगितलं होतं. मी पत्रक परत दिलं आणि उठले.

दुसरीकडे मुलांच्या मनगटाला पट्टा बांधतात, तो गाइडच्या फोनवर दिसतो. मी म्हटलं, मुलाने पट्टा काढला तर? म्हणे, कोणी काढत नाही. माझी मुलगी दार उघडत नाही म्हणून कडीचे स्क्रू काढून ठेवते, तिची गाठ पडायची आहे यांच्याशी.

तिसरी बाई गोड होती. म्हणाली, "आम्ही ना, प्रत्येक मुलाला एक मजेशीर नाव देतो. फुलाचं, फळाचं. नाव पुकारलं की मुलं हजर म्हणतात. खूप आवडतं त्यांना." मी काहीतरी पुटपुटून बाहेर आले ते थेट बसथांब्यावर. छत्री तिथेच राहिली. ती आणायला नवऱ्याला पाठवलं.

आपल्या घरात हे कधी सरळ बोललं गेलं नाही. निदान मी लिहून बघते, कागदाला काय. सहलीच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. माझी जागा रिकामी जाऊ नये म्हणून आईने आपल्या धाकट्या भावाला पाठवलं. तो पाच वर्षांचा होता. त्या गाइडने प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याचा बिल्ला दिला होता, त्यावर एकेक प्राणी. तुझा लांडगा. माझं कासव. कासव मग धाकट्याच्या सदऱ्यावर लावलं. दोघं गेलात आणि तू एकटा परत आलास. गुहेत खाली पाणी आहे, ते किती खोल आहे हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. पुष्कळ शोधलं त्यांनी. पाण्याच्या काठाला बिल्ला तेवढा सापडला.

मी ताप उतरून उठले तेव्हा घरातलं एक अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं आणि मला कोणी काही सांगेना. अजूनही कुठे कासवाचं चित्र दिसलं की मला वाटतं, माझी वस्तू कोणीतरी घेऊन गेलंय आणि ती मागायला मला जायचं आहे.

असो. तुला फक्त गाइडबद्दल विचारायचं होतं.

बहीण


२ मार्च

दादा,

आज माझ्या हातून ग्लास फुटला.

दुकानातून आले तर भिंगरी पुढच्या खोलीत घरातल्या झाडून सगळ्या चपला ओळीने मांडून बसली होती. चपलांची बस आणि ही गाइड. एकेकाला पुकारायची आणि उत्तरंही आवाज बदलून हीच द्यायची. "ससा?" "हजर." "माकड?" "हजर." मी आत भांडी धूत होते आणि गालातल्या गालात हसत होते. मग ती म्हणाली, "कासव?" आणि बारीक आवाजात, नाकातून, उत्तर आलं, "कासव येतंय, हळूहळू."

तुला वेगळं सांगायला नको. सहलीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघं बिल्ले लावून घरभर हजेरी हजेरी खेळत होतात. धाकटा परक्यांसमोर तोंड उघडायचा नाही, म्हणून कासवाचं उत्तर तू देत होतास. हाच आवाज, असाच नाकातून. मी तापात पडल्या पडल्या ऐकत होते. दर वेळी सगळे हसत होते, धाकटा सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी परत निघताना गाइडने बसमध्ये हजेरी घेतली. कासव म्हटल्यावर मागच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, येतंय, हळूहळू. अख्खी बस हसली, गाइडही हसला, आणि गाडी निघाली. हे त्यानेच आईला सांगितलं. कोण बोललं ते त्याला कळलं नव्हतं. तुला कोणी विचारलं नाही. मी आजही विचारत नाही.

पण हे वाक्य भिंगरीला कोणी दिलं? मी नाही. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. आईने तर त्या दिवसानंतर धाकट्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही, आपण जवळपास असताना तरी नाही. दादा, मी घाबरले आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तू ओळखतोस मला. पण मी काचा गोळा करून बाहेर गेले तेव्हा पाहिलं, चपलांच्या त्या ओळीत मधे एक जागा मोकळी सोडलेली होती.

सहल रद्द, असं मी तिला सांगून टाकलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मग कासवाचं काय?"


८ मार्च, दुकानात

दादा,

हे पत्र बसून वाच. जिन्यात उभ्याने वाचू नकोस.

काल मी भिंगरीच्या वेण्या घालताना सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. वेणी हातात असली की तिला पळता येत नाही.

"चपलांचा खेळ तुला कोणी शिकवला गं?"

"आजीने."

"कधी?"

"तू दुकानात असतेस तेव्हा. आम्ही रोज खेळतो. आजी नेहमी कासवच होते. ससा हो म्हटलं तरी होत नाही."

"आणि मग?"

"मग मी विचारते, कासव? आजी आतल्या खोलीतून म्हणते, येतंय, हळूहळू. मग मी उठून बघायला जायचं."

"बघायला कशाला? येतंय म्हणते ना ती."

तिने मान वळवून माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "नुसतं येतंय म्हटलं की बस सोडायची नसते. जाऊन हात लावायचा. तो नियम आहे. तुला एवढंही माहीत नाही?"

मोकळ्या जागेबद्दलही विचारलं. ती कासवाची जागा म्हणे. ते अजून यायचंय ना.

वेणी अर्धीच राहिली. मी आत गेले. आई पलंगावर बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. मी रागात होते, उगाच कशाला खोटं बोलू. म्हटलं, "आई, तू तिला हे काय शिकवतेयस?"

"सहलीला जाणार आहे ना ती," आई म्हणाली. "पत्रकं फ्रिजच्या मागे लपवलीस म्हणून मला कळणार नाही, असं वाटलं तुला?"

"पण तेच वाक्य कशाला?"

तिने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "ते वाक्य माझंच आहे."

दादा, ती काय बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. एक शब्द माझा नाही.

"तू तापात होतीस. थोरला माझ्याकडे आला. म्हणाला, आई, याला पुकारलं की हा गप्प बसेल आणि सगळे याला हसतील. मी म्हटलं, मग तू बोल त्याच्या वतीने. सांग, कासव येतंय, हळूहळू. म्हणजे हसतील, पण त्याला नाही हसणार. आवाजसुद्धा मीच काढून दाखवला, नाकातून. गाइडने ते वाक्य सांगितलं आणि तिथेच मला कळलं. आणखी कोणाला माहीत होतं ते? पोरगं मागे मित्रांमध्ये बसलं असेल, धाकटा पुढे गाइडजवळ आहे असं धरून चाललं असेल. त्याचं नाव आलं, हा बोलला. मी सांगितलं होतं तसं वागला."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं त्याला हे का नाही सांगितलंस?"

"तो माझ्याकडे बघायचाच नाही. ताटात बघून जेवायचा. मला वाटलं, याला सगळं कळलंय. आईमुळे झालं, हे कळलंय. पुढे मोठा झाला, निघून गेला. मी कोणत्या तोंडाने अडवायचं त्याला?"

वाचलंस? आता परत वाच. तुला वाटत होतं, आईशी नजर मिळाली तर तिला कळेल. तिला वाटत होतं, तुला कळलंय म्हणूनच तू नजर मिळवत नाहीस. मायलेकांनी एकमेकांपासून तोंड लपवण्यात अर्धं आयुष्य घालवलं, आणि गावाला चष्मे लावून देणारी मी एकाच घरात राहून आंधळी. मला तुझा राग आला, तिचा आला, मग मी तिच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलीसारखी रडले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. भिंगरी अर्धी वेणी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "आजी, आईला लागलंय का?"

तू अकरा वर्षांचा होतास, दादा. भिंगरीच्या शाळेत अकरा वर्षांची मुलं मी रोज बघते. बुटाची नाडीसुद्धा धड बांधलेली नसते त्यांची.

तुझ्यावर माझी माया आहे. हे वर 'प्रिय'च्या जागी वाच.

बहीण


२१ मार्च

दादा,

सहल परत चालू. आईने हट्ट धरला. म्हणाली, आपल्या भीतीपायी तिला घरात कोंडू नकोस, एक मूल हरवलं तेवढं पुरे, दुसरं बांधून ठेवायचं नाही.

आणि गाइड मिळाली. साठीच्या आसपासची बाई, आवाज घोगरा, पायात पुरुषी बूट, बोलताना समोरच्याचं ऐकून घ्यायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मोजता कसे?"

"हात लावून."

"नावं पुकारत नाही?"

"पुकारते, पोरांना मजा वाटते म्हणून. पण उत्तरं ऐकत नाही. पोरं एकमेकांची उत्तरं देतात. चांगल्या मनाने देतात हो, वाईट हेतू नसतो. म्हणून मी प्रत्येकाच्या खांद्याला हात लावते आणि मग दार लावते." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं कोणी होतं का?"

मी म्हटलं, "भाऊ." तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

संग्रहालय ठरलं, देवमाशाचं. अर्धा दिवस, एक इमारत, एक दार. पहिल्या खेपेला एवढंच बरं. दिव्याची टोपी नाही म्हणून भिंगरी दिवसभर फुगून बसली होती. शेवटी नवऱ्याने जुन्या टॉर्चला इलॅस्टिक लावून तिच्या डोक्यावर बसवली, आता ती जेवतानाही काढत नाही. गुहेचं पत्रक मी फाडणार होते. आई म्हणाली, राहू दे. तुझ्या कार्डांच्या खाली ठेवलंय. तिथे जाण्याएवढी मी अजून मोठी झालेले नाही.


१२ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. नवरा ते उलटसुलट करून बघत होता. "अगं, हा तर तोच पत्ता आहे. बदललेला नसताना कळवायचं कशाला?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. आईने कार्ड हातात घेतलं आणि तुझ्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग चष्मा पुसायला फडकं दे म्हणाली. चष्मा स्वच्छ होता.

काल सहल झाली. सकाळी बस निघाली तेव्हा भिंगरीने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, खिडकीत टॉर्च मात्र दिसत होती. दुकानात माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. एका गृहस्थांच्या फ्रेममध्ये दोन्ही काचा उजव्या डोळ्याच्या बसवल्या. ते बिचारे दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, बाई, जग जरा तिरकं दिसतंय.

संध्याकाळी बस यायच्या वेळेला आई आणि मी थांब्यावर जाऊन उभ्या राहिलो. आई त्या दिवसानंतर कुठल्याही बसची वाट बघत उभी राहिलेली नव्हती. तिने माझं मनगट धरलं होतं, बोटांचे वळ उठले. बस उशिरा आली. त्या उशिरात आमच्या दोघींचं काय झालं ते मी लिहीत नाही, तू समजशील. दार उघडलं, गाइडबाई खाली उतरल्या आणि सरळ आमच्याकडे आल्या.

"उशीर तुमच्या मुलीमुळे झाला," म्हणाल्या.

निघताना त्यांनी नावं पुकारली म्हणे. एक मुलगा फार लाजरा, सकाळपासून कोणाशी बोलला नव्हता. त्याचं नाव आलं आणि सकाळी शेजारी बसलेल्या मुलीने त्याच्या वतीने हजर म्हटलं. बाई हात लावत लावत त्याच्यापर्यंत पोचायच्या होत्या, पण त्याआधीच ही उठली. म्हणाली, थांबा, बघून येते. बाई म्हणाल्या, बस खाली, मी बघते. ही ऐकेना. टॉर्च लावून सगळ्या सीटांखाली शोधत गेली.

आईने विचारलं, "होता का तो?" तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"होता," बाई म्हणाल्या. "शेवटच्या सीटवर झोपला होता, दप्तरावर डोकं ठेवून. ही त्याला हात लावून आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, आता सोडा."

आई थांब्याच्या बाकावर बसली. भिंगरी उड्या मारत खाली उतरली, देवमाशाचा जबडा केवढा होता ते हात पसरून दाखवायला लागली. आईने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "होता ना गं तो?" भिंगरी म्हणाली, "होता आजी. घोरत होता." आई हसली. दादा, मी तिचं हे हसणं विसरून गेले होते. घरी येईपर्यंत ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती आणि भिंगरी न कंटाळता तेच सांगत होती.

आता तुझ्याबद्दल.

आज सकाळपासून आई बॅग भरतेय. मी म्हटलं, आधी त्याला विचारू, ये म्हणतोय का बघू. ती म्हणाली, विचारलं की तो म्हणणार, येतो, येतो कधीतरी, आणि आपण ऐकून गप्प बसणार. तसं एकदा करून झालंय. भिंगरीनेही मान डोलावली, कारण नियम तो नियम. तेव्हा रविवारी आम्ही तिघी निघतोय. येऊ नका असं लिहू नकोस, तुझं पत्र पोचेपर्यंत आम्ही गाडीत असू. घर आवरू नकोस. खायला काही आणू नकोस, आईने डबे भरले आहेत, सात पिढ्यांना पुरतील.

दार वाजलं की उघड, एवढंच काम. बाहेर डोक्याला टॉर्च लावलेली एक मुलगी असेल, ती तुला पुकारेल. तुला सुचलं तर उत्तर दे. मी आईला विचारलं, त्याला आणखी काही लिहू का. ती स्वेटरची घडी घालत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याला सांग, काही बोलला नाहीस तरी चालेल. मी हात लावून बघणार आहे."